कोपऱ्यातला अंगठा

काका उजवा हात कधी खाली सोडायचे नाहीत. रस्त्यानं चालतानासुद्धा कोपरातून वर धरलेला, बोटं जराशी फाकलेली, जसा काही आत्ताच सोवळ्यातून बाहेर काढलाय. तुमच्यापैकी जे ठाण्याचे असतील त्यांनी टेंभी नाक्यावरून जाताना तो हात नक्की बघितला असणार. माणूस नसेल बघितला, हात बघितला असणार. कुणी रामराम केला तर काका मान हलवून भागवायचे. लोकांना वाटायचं, गर्विष्ठ आहे.

आणि जवळ कुणी गेलं की म्हणायचे, "लांबून रे. लांबून बोल."

एकदा छापखान्यात मी त्यांची नक्कल करून दाखवत होतो. हात वर, मान वाकडी, "लांबून रे, लांबून बोल." सगळे हसत होते आणि मग एकदम गप्प झाले, तेव्हा कळलं काका मागं उभे आहेत. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "चार बोटं अजून वर. तुझा दमल्यासारखा दिसतो."

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. एकदा छापून आलेलं, तेवढं पुरे झालं.

आमचं साप्ताहिक तेव्हा दगडावर छापायचं. काका खळ लावलेल्या पिवळट कागदावर बोरूनं सगळा अंक लिहायचे, पहिल्या बातमीपासून औषधाच्या जाहिरातीपर्यंत. शाई चरबीची. तो कागद दगडावर उलटा दाबला की अक्षर दगडावर उतरायचं, आणि मग दगडावरून पाहिजे तेवढे अंक. पण दगडाला अक्कल नसते. त्याला फक्त तेलकटपणा कळतो. अक्षर असो नाहीतर घामेजलेलं बोट असो, कागदाला जे लागेल ते सगळं छापून येणार. थुंकीचा थेंब उडाला तर तिथं अक्षर फुटणार. म्हणून तो हात वर आणि म्हणून ते "लांबून". गर्व कसला, धंदाच तसा होता.

माझं काम मजकूर वाचून दाखवायचं. शहापूरच्या शाळेत मी शिकलो कमी आणि मास्तरांच्या नकला जास्त केल्या, पण वाचायचो खणखणीत. मी सांगायचो, काका लिहायचे, वाक्य संपलं की वर न बघता म्हणायचे, "पुढं?" पूर आला, "पुढं?" कुणी साहेब बदलून गेला, "पुढं?" मला कंटाळा यायचा म्हणून मी ज्याचं पत्र त्याच्या आवाजात वाचायला लागलो. मामलेदाराची नोटीस नाकातून. टिटवाळ्याच्या बातमीदाराचं पत्र बोबडं, कारण त्याचे पुढचे दात म्हशीनं पाडलेले आणि तेव्हापासून त्याची प्रत्येक बातमी म्हशीवरच यायची. काका हसायचे नाहीत. एकदाच हसले. कलेक्टरसाहेबांच्या दौऱ्याची बातमी मी साहेबाच्या मराठीत वाचली तेव्हा. आवाज नाही काढला, पण खांदे हलले. कुणाकडे तो अंक जपून ठेवलेला असेल तर काढून बघा, दौऱ्याच्या बातमीतली चौथी ओळ थरथरलेली आहे. ते काका हसतायत.

आता आमच्याकडे शिशाचे खिळे आलेत, सुटी अक्षरं जुळवून छापायची. ओळी सरळ असतात. कोण हसलं, कोण आजारी होतं, काही कळत नाही.

तर असा हा स्वच्छ माणूस. आणि दर सोमवारी अंक निघाला की शेवटच्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, एक अंगठा उमटलेला. दर सोमवारी. दाब ओढणारा आमचा गडी मिठागरं सोडून छापखान्यात आलेला, तो पहिला कागद उचलून म्हणायचा, "काकांनू, आंगठा परत लागला बगा."

"लागला वाटतं," काका म्हणायचे.

मालक वैतागायचे. एका वाचकानं तर पत्र पाठवलं, की आपल्या पत्राच्या शेवटच्या पानी नित्य डाग असतो, तरी छापखान्यात हात धुण्याची चाल आहे की नाही याचा खुलासा व्हावा. मालक म्हणाले, छापा, लाज तरी वाटेल. ते पत्र मी वाचून दाखवलं, काकांनी सुंदर अक्षरात लिहून काढलं, आणि बरोबर त्याच्या खाली अंगठा.

मला वाटायचं, म्हातारा होत चाललाय, चुकतोय. पण दर वेळी एकाच जागी कोण चुकतं?

त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे नाव छापून आल्याची. आमच्या ठाण्यात एका शाळामास्तरानं विधवेशी लग्न केलं. जेवणाची पंक्त बसली. पुष्कळ लोक आलेले, मागच्या दारानं पण आलेले. मालकांना मोठा उत्साह. म्हणाले, "पंक्तीला आलेल्या गृहस्थांची नावं छापू. लोकांना धीर येईल." पण आधी एकेकाला विचारलं. झालं, जो तो म्हणायला लागला, माझं राहू दे. शेवटी दहाजण तयार झाले. मी दहा नावं सांगितली. काकांनी दहा लिहिली आणि "पुढं?" म्हणाले.

"संपली, काका."

त्यांनी अकरावं स्वतःचं लिहिलं.

मालक धावत आले. "अहो, तुम्हाला कुणी विचारलंय? लिहिणाराच तुम्ही. सोडून द्या. कोण मोजायला बसलंय?"

काका म्हणाले, "वर काय लिहिलंय? पंक्तीला आलेले गृहस्थ. मी आलेलो."

अकराजण वाळीत पडले. गंमत बघा, जेवले पन्नास, पण बाटले अकराच, ज्यांचं छापलं ते. ज्या बैठकीत वाळीत टाकायचं ठरलं तिथं पंक्तीला जेवलेले दोघं पुढं बसलेले. त्यातल्या एकानं जिलबी तीनदा मागून घेतलेली. मला ठाऊक, कारण वाढायला मी होतो, आणि शेवटी जेवलोही. वाढप्यांची नावं छापत नाहीत. आणि मीही, खरं सांगतो, कुठं बोललो नाही.

मग एकेकानं प्रायश्चित्त घेतलं आणि परत जातीत आले. काकांनी नाही घेतलं. मी विचारलं तर म्हणाले, "घेतलं की तेही छापतील. म्हणजे मी चुकलो असं मीच लिहायचं. अक्षर नीट येणार नाही."

बायको आधीच गेलेली. नाक्यामागं एका खोलीत एकटे राहायचे. न्हावी येईना, भटजी येईना. ते चालवून घेतलं त्यांनी. पण मुलगी कल्याणला दिलेली. सासऱ्यानं निरोप पाठवला, यायचं नाही, बोलवायचं नाही, चिठ्ठी धाडायची नाही. हा सासरा कल्याणातला वाळीत टाकणाऱ्यांचा पुढारी, आणि आमचा जुना वर्गणीदार. काकांच्या हातचं पाणी त्याला चालत नव्हतं. काकांच्या हातचं अक्षर दर आठवड्याला चष्मा लावून वाचायचा.

माझी मावशी कल्याणला काळ्या तलावाजवळ राहायची, त्याच सासऱ्याच्या घराला लागून. दोन्ही घरांच्या परसात मिळून एक विहीर. एकदा मी गेलेलो तर मावशी हळूच म्हणाली, "अरे, त्यांची सून चोरून वाचते म्हणे."

"वाचते?"

"सासू सांगत होती. सासऱ्याचं वाचून झालं की कपाटात घालायला म्हणून कागद घेते आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात बघत बसते. काय असतं रे तिथं?"

"डाग असतो, मावशी."

"मग काय डाग वाचते?"

मी हसलो नाही. एरवी अशा वाक्यावर मी आठवडाभर खेळलो असतो.

ठाण्याला परत आलो आणि काकांना विचारलं, "तो अंगठा कल्याणसाठी आहे?"

बोरू थांबला. वाटलं आता "पुढं?" म्हणतील. पण त्यांनी उजवा हात उलटा करून मला दाखवला. अंगठ्यावर आडवी खाच होती, बोरू तासताना चाकू लागलेला. म्हणाले, "लहान असताना माझ्याकडून हा शाईचा अंगठा तळहातावर उमटवून घ्यायची. मग गल्लीभर दाखवत फिरायची. माझे बाबा, माझे बाबा." मग म्हणाले, "सगळ्या जिल्ह्याला लिहून दाखवलं मी. पोरीला मुळाक्षरं शिकवायची राहिली. उद्या बसू, उद्या बसू, तेवढ्यात लग्न झालं. आता वाचता येत नाही तिला. पण बाप आहे एवढं कळतं."

"आणि मालकांनी पुसला तर?"

"म्हणून लांबून बोल. आणि हळू बोल."

पुढच्या पावसाळ्यात काकांना ताप भरला. अंक अडला. मालक डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, मी लिहितो. दोन वर्षं ते अक्षर बघत होतो, आवाजाची नक्कल तशी अक्षराची. त्यांच्यासारखाच हात वर धरून बसलो आणि अख्खा अंक लिहून काढला. खोटं नाही सांगत, ठाण्यात एकालाही कळलं नाही. मालकच म्हणाले, "अरे, काका येऊन गेले काय?" मला इतकं चढलं, की मी शेवटच्या पानावर कोपऱ्यात माझा अंगठा उमटवला, आणि दगडावर उतरल्यावर सुईनं त्यात आडवी खाच पण ओढली.

अंक घेऊन काकांच्या खोलीवर गेलो, शाबासकी घ्यायला. अंगावर घोंगडी घेऊन पडलेले. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं. म्हणाले, "अक्षर माझं आहे." मग कोपऱ्याकडे बघितलं. बराच वेळ.

"हा कुणाचा?"

"माझा. तिला काळजी नको म्हणून..."

"ती आज जेवणार नाही," काका म्हणाले.

चौथ्या दिवशी मावशीचा निरोप आला. सून सोमवारपासून अन्नाला शिवली नाही. घरचे म्हणतात बाधा झाली. तुमच्या छापखान्यात काही झालंय का?

काका तो ताप अंगावर घेऊन छापखान्यात आले. भिंतीला धरत आले. पुढचा अंक मी लिहून ठेवलेला, त्यांनी एक ओळसुद्धा वाचली नाही. अंगठा शाईला लावला, कोपऱ्यात टेकवला आणि उचलला. मालक शेजारीच उभे होते. डाग दिसला की वैतागायचे, ते त्या दिवशी वैतागले नाहीत. एवढंच म्हणाले, "नीट उमटलाय ना?"

जाताना काका मला म्हणाले, "मी नसेन तेव्हा कोपरा कोरा सोड. खोटा माणूस बसवू नकोस तिथं."

त्यातून उठले ते. वर्षभर आणखी लिहीत होते, मी वाचत होतो. अक्षर जरा मोठं झालं, एवढाच फरक.

मार्गशीर्षात एका शनिवारी गेले. सकाळी मी बोलवायला गेलो, तर अंथरुणावर शांत पडलेले. उजवा हात गादीवर होता, खाली. तेवढ्यावरूनच कळलं. भटजी आले नाहीत. मालक, मी, आणि ज्यांनी प्रायश्चित्त घेतलेलं त्यातले दोघं मान खाली घालून आले. दाब ओढणारा गडी न बोलवता आला आणि पुढं होऊन म्हणाला, "मना खांदा देव द्या." कुणी नाही म्हटलं नाही. पन्नासातला मी एक न छापलेला. त्या दिवशी मालकांना म्हटलं, बातमीत खांदेकऱ्यांची नावं घालू. माझंही.

रविवारी अंक लिहिला. त्यांच्याच अक्षरात, दुसरं मला येतच नव्हतं. काकांची बातमी चार ओळी. वाचून दाखवायला कोणी नव्हतं, मीच पुटपुटत होतो आणि मीच लिहीत होतो. शेवटच्या पानाशी आलो. अंगठा शाईच्या जवळ गेलेला माझा, नकळत. मागं घेतला. कोपरा पांढरा राहिला.

सोमवारी पहिली गाडी चुकली, दुसरी पकडून कल्याणला निघालो. तिला तो कोपरा दिसायच्या आत मावशीकडून कळवायचं असं ठरवलेलं. वाटेत वाक्यं जुळवत होतो आणि एकही जमत नव्हतं. मला अर्ध्या ठाण्याचे आवाज काढता येतात. हे कुणाच्या आवाजात सांगायचं ते सुचेना.

पण टपाल माझ्याआधी पोचलेलं. मी मावशीच्या परसात पाय ठेवला तेव्हा काकांची मुलगी विहिरीवर होती. मी तिला तेव्हा पहिल्यांदाच बघत होतो. काठावर अंक पडलेला, शेवटचं पान वर. तिनं पाणी ओढलं आणि नेसत्या लुगड्यानिशी कळशी डोक्यावर ओतली.

सासू ओटीवरून ओरडली, "अगं, भर दुपारी कसली आंघोळ? कोण गेलं?"

तिनं परत कळशी सोडली.

सासरा मागच्या दारात आलेला. बातमी त्यानं सकाळीच वाचलेली असणार, आणि घडी घालून गप्प बसलेला असणार. तो उंबऱ्यात उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. मग पायातल्या वहाणा काढल्या, विहिरीशी आला, आणि तिच्या हातातला दोर घेतला. कळशी त्यानं स्वतः वर ओढली आणि तिच्यापुढं ठेवली.

तिनं तीही डोक्यावर ओतून घेतली.