वरबघे मुकादम आणि तिसरा रूळ

त्यांचं खरं आडनाव वरबघे नव्हतं. पण रेल्वेच्या लाइनीवर सगळे त्यांना इतकी वर्षं वरबघे म्हणत आले होते, की एकदा दवाखान्यातल्या बाईंनी कार्डावर चक्क तेच लिहिलं, आणि त्यांनीही ते खोडायला लावलं नाही. एकतीस वर्षं माणसाने मान वर करूनच काढली होती. रोज कामावर जाणाऱ्या लोकांच्या गाड्यांना वीज पुरवणारी तार खांबाखांबांवरून जायची, आणि त्या तारेची निगा राखणाऱ्या अकरा माणसांच्या गँगचे ते मुकादम. लग्नाच्या फोटोतसुद्धा बायको बिचारी कॅमेऱ्याकडे बघतेय आणि हे महाराज फोटोवाल्याच्या डोक्यावर लोंबणाऱ्या वायरीकडे.

मग एक दिवस हुकूम आला की तार काढायची. खांब गंजले होते, जुन्या पुलांखाली उंची पुरत नव्हती, दुरुस्तीने सगळे मेटाकुटीला आले होते. आता वीज वरून येणार नाही, जमिनीवरून येणार. दोन रुळांच्या शेजारी तिसरा रूळ, घोट्याच्या जरा वर, त्यावर लाकडी झाकण. गाडीच्या पोटाखाली पुढे आणि मागे लोखंडी बूट, ते त्या रुळाला घासत जाणार आणि वीज घेणार. सगळं बदलून होईपर्यंत गाड्यांना दोन्ही असणार होतं, छतावर तारेला टेकणारा हात आणि खाली बूट.

काम नवं म्हणजे परीक्षाही नवी. पास होईल तो रुळावर, नापास होईल तो गोदामात नटबोल्ट निवडायला. मुकादमांना गोदामाची भीती नव्हती. त्यांना धास्ती होती ती वेगळ्याच गोष्टीची. आपण गोदामात गेलो तर गँग दुसऱ्या कुणाकडे जाणार. अकरांतला एकही माणूस त्यांनी आजवर गमावला नव्हता, एकाचं बोटसुद्धा भाजलं नव्हतं, आणि हे ते कुणाला कधी बोलून दाखवत नसले तरी त्यांची छाती त्याच एका गोष्टीने फुगलेली असायची.

नव्या कामाच्या नियमांचं पुस्तक त्यांनी तोंडपाठ केलं. इतकंच काय, अकराजणांना बसवून शिकवलंही. पण आता गंमत ऐका. तारेच्या माणसाला जमीन म्हणजे घरचं अंगण. धोका वर, खाली सगळा आराम. काम उरकलं की रुळावर बैठक मारायची आणि चहा प्यायचा, हा त्या गँगचा एकतीस वर्षांचा शिरस्ता. परीक्षेच्या दिवशी मुकादमांनी सगळी उत्तरं धडाधड दिली. ट्रेनिंगच्या मॅडम त्यांच्या मुलीपेक्षाही लहान, पण कामाला पक्क्या. त्या खूश झाल्या, म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबू या, चहा घ्या." मुकादमांनी पेला घेतला, फुर्रकन एक घोट घेतला आणि ऐटीत टेकले. कुठे, तर तिसऱ्या रुळाच्या झाकणावर.

वीज अजून सोडलेली नव्हती, म्हणून ही गोष्ट सांगता तरी येतेय.

"मुकादम, तुम्ही आत्ता कुठे बसलाय?" मॅडमनी हळूच विचारलं.

त्यांनी कधी नव्हे ते खाली बघितलं. मग पेला बाजूला ठेवून म्हणाले, "मेलो की मॅडम मी."

अकराच्या अकरा पास झाले आणि शिकवणारा तेवढा नापास. महिन्याने आणखी एक संधी होती, शेवटची.

घरी येऊन त्यांनी जेवणाला हात लावला नाही. बायको शिवणकाम करायची. तिने दोरा तोडला आणि म्हणाली, "त्यात काय एवढं? मी पायाचं मशीन सोडून मोटारीचं घेतलं, तेव्हा महिनाभर पाय हलवतच होते की नाही? तुम्हीच हसत होतात दात काढून." एवढं बोलून ती उठली, पडद्याचा लोखंडी गज काढला आणि खोलीच्या मधोमध दोन विटांवर आडवा ठेवला. "हा तुमचा तिसरा रूळ. पाय लागला की त्या दिवशीची भांडी तुमची."

पहिल्या आठवड्यात घरातली भांडी इतकी चकचकीत झाली, की शेजारीण विचारायला आली, नवी घेतलीत का म्हणून. दुसऱ्या आठवड्यात दोनदाच घासावी लागली. चौथ्या आठवड्यात तर अंधार असो, झोपेत असो, फोनवर बोलत असो, त्यांचा पाय गजाआधी आपोआप उचलला जाऊ लागला. आणि एका संध्याकाळी बायकोच गजाला अडखळली. "मेलीस," मुकादम पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. त्या दिवशी भांडी तिने घासली आणि त्यांनी खुशाल घासू दिली.

दुसरी परीक्षा खऱ्या लाइनीवर होती, रविवारी सकाळी, एका छोट्या स्टेशनापाशी. तिसऱ्या रुळात आता वीज खेळत होती. स्टेशनापासून पुलापर्यंतच्या तुकड्यातली वीज बंद करायची, तिसरा रूळ ज्या चिनी मातीच्या ठोकळ्यांवर बसतो त्यातला तडकलेला एक बदलायचा, आणि चाळीस मिनिटांत सगळं जागच्या जागी. गँग फलाटाच्या टोकाला तयार उभी होती. वीज सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या कंट्रोल रूमचा, म्हणजे कंट्रोलचा, निरोप आला. मॅडमनी तो मोठ्याने वाचला. "वीज बंद केली आहे. उतरा मुकादम, तुमची वेळ सुरू."

"दिवा लावून बघतो मॅडम."

दिवा म्हणजे लांब काठीवरचा टेस्टर. रुळात वीज असेल तर पेटतो.

"लेखी निरोप आलाय ना," मॅडम म्हणाल्या. "पुस्तकात निरोप पुरेसा आहे. दिवा व्हॅनमध्ये, व्हॅन पुलापलीकडे. जायला पंधरा मिनिटं, परत यायला पंधरा. ती तुमच्याच वेळेतून जाणार. मुकादम, जुन्या सवयी सोडायच्या म्हणून तर आपण इथे आलोय."

हे मात्र वर्मी लागलं. कारण खरंच होतं ते. झाकणावर नेऊन बसवलं होतं ते जुन्या सवयीनेच. तारेच्या कामात कंट्रोलने शंभरदा सांगितलं तरी स्वतःच्या हाताने खात्री केल्याशिवाय कुणी तारेला बोट लावायचं नाही, हीसुद्धा जुनी सवयच. आता यातली कुठली टाकायची आणि कुठली ठेवायची, हे कुठल्या पुस्तकात बघायचं? त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मग माणसांकडे बघितलं. पैलवान म्हणून त्यांचा सगळ्यात दांडगा गडी होता, त्याचा एक पाय फलाटाच्या कडेला आलाच होता.

"पैलवान, पाय मागे," मुकादम म्हणाले. "मॅडम, मला नापास करा. पण माझी माणसं नुसत्या निरोपावर उतरणार नाहीत."

मॅडमनी ओठ घट्ट मिटले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पैलवान धावतपळत दिवा घेऊन आला. मुकादमांनी फलाटावरूनच काठी खाली सोडली आणि टोक तिसऱ्या रुळाला टेकवलं.

दिवा पेटला.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी कंट्रोलला फोन लावला, तर कंट्रोल शपथेवर सांगतंय की वीज बंद आहे, बटण बंद आहे, सगळं बंद आहे. आणि कंट्रोल खोटं बोलत नव्हतं.

घोळ सापडला तो फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे एक रिकामी गाडी उभी होती. तिच्याच पोटाखाली चालू तुकडा संपून बंद तुकडा सुरू होत होता. तिचा पुढचा बूट बंद तुकड्यावर, मागचा चालू तुकड्यावर, आणि दोन्ही बूट गाडीच्या आत जाड केबलने जोडलेले. वीज आपली मागच्या बुटातून चढत होती आणि पुढच्या बुटातून उतरत होती, पूल ओलांडावा तशी.

गाडीचा ड्रायव्हर धापा टाकत आला. भला माणूस, वीस वर्षं तारेखाली गाडी चालवलेला. "पण मी छतावरचा हात खाली घेतला होता की," तो परत परत म्हणत होता. तारेच्या दिवसांत हात खाली घेतला की गाडी मेली, कुठेही उभी करा. बूट काही खाली-वर होत नाहीत, हे त्याला पाठ होतं, फक्त त्या सकाळी आठवलं नाही. मुकादम त्याला एक शब्दही बोलले नाहीत. ते तरी कुठल्या तोंडाने बोलणार होते?

गाडी हलवली, दिवा पुन्हा टेकवला, विझलेला राहिला. ठोकळा बदलून झाला तेव्हा दीड तास उलटून गेला होता. मॅडमनी कागद त्यांच्या हातात दिला. वेळेच्या रकान्यात लिहिलं होतं, संपली. निकालाच्या रकान्यात आधीचा शब्द गिरगटून खोडला होता आणि वर पास लिहिलं होतं. "नियम बदलायला मी आजच लिहिणार आहे," त्या म्हणाल्या. "दिवा बघितल्याशिवाय खाली पाय नाही."

पुढच्या रविवारी मुकादम पहिल्यांदा नव्या कामाचे मुकादम म्हणून उभे राहिले. निरोप आला. त्यांनी स्वतः दिवा टेकवला. पेटला नाही. "उतरा," ते म्हणाले.

कुणी हललं नाही.

"मुकादम, दिवा जरा इकडे द्या," पैलवान म्हणाला.

"मी बघितलंय."

"तुम्ही बघितलंत. मी कुठे बघितलंय?"

मुकादमांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षं त्यांनी उतरा म्हटलं की माणसं उतरायची, चढा म्हटलं की चढायची. पण पैलवानाने हात पुढे धरला तो धरलाच. त्यांनी काठी दिली. पैलवानाने टेकवून बघितलं, मान डोलावली आणि काठी शेजारच्याच्या हातात दिली. त्याने बघितलं, तिसऱ्याने बघितलं. अकराजणांनी अकरा वेळा बघितलं आणि मगच पहिला पाय खाली पडला. मॅडम घड्याळाकडे न बघता उभ्या होत्या. मुकादम मात्र खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिले, बराच वेळ.

घरी आल्यावर त्यांनी डबा ठेवला आणि दारातूनच बायकोला हाक मारली.

"अगं, आज माझ्या अकरांपैकी एकानेही माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही."

तिने मशीन थांबवून त्यांच्याकडे निरखून बघितलं. मुलीचा पहिला नंबर आला होता, त्या दिवशी ते असेच दारात उभे राहिले होते.