मावशींची काडीवरची गोळी

इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानात कपडे टाकायला गेलं की औषध फुकट मिळायचं. कुणी शिंकलं, कुणी कंबर धरली, की मावशी इस्त्री उभी करून डब्यात हात घालायच्या. "ही घे. मला लागू पडली होती." कशावर, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

पुढे मावशींनाच कर्करोग झाला आणि तो हाडांत उतरला. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांनी दुखणं दबून असायचं. पण मधूनच अशी कळ यायची, की डोळ्यांपुढे अंधारी. त्या कळेसाठी डॉक्टरीणबाईंनी काडीवरची गोळी दिली. गालात धरून विरघळू द्यायची, लवकर आराम पडतो.

"तुमच्या अंगाला अशा औषधांची रोजची सवय आहे, म्हणून तुम्हाला चालते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी घेतली तर श्वास बंद पडेल. कुलपात ठेवा. आणि तुमची ती वाटावाटी बंद!"

मावशींनी वाटणं खरंच बंद केलं. कुलूप मात्र 'आणू उद्या'वर राहिलं.

दुकानात घड्या घालायला त्यांचे धाकटे दीर असत. त्यांची दाढ ठणकत होती.

"वहिनी, ती काडी द्या ना."

"मुळीच नाही. दाढ उपटून घ्या, भावजी."

"अख्ख्या गल्लीला औषधं आणि घरच्याला उपदेश!" भावजी फुगून बसले. मावशी जेवायला आत गेल्या आणि भावजींनी औषधांचा डबा उघडला.

मावशी परतल्या तेव्हा भावजी चादरींच्या ढिगावर पसरलेले. आळशीपणा म्हणून त्या ओरडणार, एवढ्यात घोरणं मध्येच थांबलं. ओठ निळसर, गालात काडी! मावशींनी ती ओढून फेकली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला. "हलवत राहा, श्वास घ्यायला सांगत राहा," पलीकडून आवाज आला.

"भावजी, श्वास घ्या!" त्यांनी घेतला. पुन्हा सामसूम. "घ्या म्हणते ना!" पुन्हा घेतला. लग्न होऊन आल्यापासून दिरानं त्यांचं इतकं कधी ऐकलं नव्हतं. शेवटी अहो-जाहो संपलं. "अरे मेल्या, ओढ की!"

एक गिऱ्हाईक दारात आलं. "माझा शर्ट..."

"शर्ट राहू द्या, चिमटे काढा ह्यांना!"

त्या सभ्य गृहस्थानं इतके मनापासून चिमटे काढले, की मावशींनाच दया आली.

रुग्णवाहिकेतल्यांनी उतारा म्हणून इंजेक्शन टोचलं. भावजी ताडकन उठून बसले आणि पहिला शब्द निघाला, "दाढ!" गोळीचा असर उतरला, त्याबरोबर आरामही गेला होता. इंजेक्शनचा जोर ओसरला की गुंगी परत येऊ शकते, म्हणून दवाखान्यात रात्रभर नजरेखाली ठेवलं.

"मी दिली नव्हती हो!" मावशी डॉक्टरीणबाईंपुढे रडकुंडीला आल्या.

"न देणं पुरत नाही, मावशी. कुणाच्या हाताला लागताच कामा नये."

घरी जाताना मावशींनी कुलूप घेतलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

मग भावजींची वरात दाताच्या डॉक्टरांकडे निघाली. भुलीची सुई दिसताच ते खुर्चीतून अर्धे उठले. "आधी सांगा, श्वास चालू राहील ना?"

"श्वास राहील," डॉक्टर म्हणाले, "पण तोंड असंच चालू राहिलं, तर दाढ कशी निघायची?"