खुनी पोस्टमास्तर आणि शर्कचं पापलेट

विमानात वाचायला म्हणून मी घरातलं सर्वांत जाड आणि सर्वांत फाटकं पुस्तक उचललं. मुखपृष्ठ कधीच गळून पडलेलं, त्यामुळे नाव माहीत नाही. फ्रान्समधल्या एका आडगावातली जुनी डिटेक्टिव्ह कादंबरी, कुणीतरी मराठीत आणलेली. विहिरीत प्रेत सापडतं, पॅरिसहून इन्स्पेक्टर येतो आणि अख्खं गाव त्याला खाऊपिऊ घालतं, पण बोलत काही नाही. भाषांतरकाराने चीजला 'मुरवलेलं पनीर' केलं होतं आणि शेतकऱ्यांच्या तोंडी थेट साताऱ्याची भाषा घातली होती. 'आमास्नी काय ठावं न्हाय, सायेब.' कुवेत येईपर्यंत मी निम्मं संपवलं.

कुवेतला माझी धाकटी बहीण नंदा राहते, तिचा नवरा श्रीकांत आणि बारावीतली रिया. पुण्यातला त्यांचा फ्लॅट मी सांभाळते, म्हणजे त्यात राहते. माझे यजमान गेले तेव्हा नंदा म्हणाली, "घर बंद ठेवण्यापेक्षा तू राहा," आणि मी राहिले. आज त्या घरातल्या कुठल्या नळाला कुठला वॉशर बसतो हे मला माहीत आहे, मालकाला नाही.

त्यांचं कुवेतमधलं घर एगैलाला. वाळूच्या रंगाच्या इमारती, मध्येच डोळे दिपवणारे मॉल. खिडकीतून दक्षिणेला मीना अल-अहमदीच्या रिफायनरीच्या ज्वाळा दिसतात. श्रीकांतराव तिथेच नोकरीला.

"ती आमची समई," नंदा म्हणाली.

"तेल भरपूर दिसतंय," मी म्हटलं.

पहिल्याच जेवणाला खुब्ज (तंदूरमधली परातीएवढी पोळी) आणि पिठलं होतं. हा मेळ कुणी जमवला माहीत नाही, पण मी दोनदा वाढून घेतलं.

घरात काहीतरी शिजत होतं आणि ते स्वयंपाकघरात नव्हतं. भिंतीवर खिळे होते, तसबिरी नव्हत्या. चांगली क्रोकरी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. भाजी निवडता निवडता नंदाने विचारलं, "ताई, पुण्याच्या मागच्या खोलीची खिडकी किती रुंद आहे ग?"

"का?"

"सहज."

रियाला विचारलं तर ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "नो कॉमेंट्स, मावशी."

पॅरिसच्या इन्स्पेक्टरला एवढं पुरलं असतं. मला पुरलं नाही. मला वाटलं, नंदा मोठं घर घेतेय आणि माझी नजर लागेल म्हणून लपवतेय. आमच्या घराण्यात नजर फार लवकर लागते.

शेवटी एका संध्याकाळी जेवताना मी सरळ म्हटलं, "श्रीकांतराव, काय असेल ते सांगून टाका."

त्यांनी नंदाकडे पाहिलं. नंदाने आमटीकडे पाहिलं. मग त्यांची नजर खुर्चीवरच्या माझ्या पुस्तकावर गेली आणि बुडणाऱ्याला फळी सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"खुनी पोस्टमास्तर आहे," ते म्हणाले. "तुमचंच पुस्तक आहे हे. मागे सुट्टीत आलो होतो तेव्हा वाचलं होतं."

माझ्या अडीचशे पानांचा त्यांनी असा निकाल लावला. मी त्यांना लोणचं दिलं नाही.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी आम्ही कुवेत शहरातल्या शर्क भागातल्या मासळीबाजारात गेलो. बाजार स्वच्छ, थंडगार, शेजारी समुद्र आणि लाकडी होड्या. झुबैदी (आपलं पापलेट) बर्फावर ओळीने झोपवलेली. पुस्तक माझ्या पिशवीत होतं, कारण आता मला पोस्टमास्तरावर नजर ठेवायची होती. मी पिशवी कट्ट्यावर टेकवली आणि बर्फाचं पाणी थेट शेवटच्या प्रकरणात शिरलं. पानं झटकत होते तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय वो साहेब, कॅन्सल पक्कं ना?"

हे हुसेनभाई, रत्नागिरीकडचे. एगैलाजवळ फिंतासला त्यांचं किराण्याचं दुकान आहे. श्रीकांतरावांनी त्यांना डोळ्यांनी काहीतरी खुणावलं. मला वाटलं, येत्या गुरुवारी आम्ही वाळवंटात तंबू ठोकून राहणार होतो, तेच रद्द झालं.

"कॅन्सल असेल तर मला आधी सांगायचं," मी म्हटलं. "मी त्यासाठी कानटोपी आणलीय."

"कानटोपी कशाला, ताई? पुण्यात एप्रिलात उकडतं."

"पुण्यात कशाला? तंबूत."

हुसेनभाई गोंधळले. "तंबू कसला? एप्रिलात साहेबांचा व्हिसा कॅन्सल ना. आमच्या गावात म्हणतात तसं, बाबा कॅन्सल करून आला, म्हणजे कायमचा घरी आला. आमचे चुलते कॅन्सल करून आले तर..."

मग त्यांनी आमची तोंडं पाहिली. चुलते तिथेच राहिले. "झुबैदी ताजी आहे," ते म्हणाले आणि दुसऱ्या कट्ट्याकडे निघून गेले.

परतताना गाडीत बराच वेळ फक्त माशांचा वास होता.

"कधी सांगणार होतात?" मी विचारलं.

"तुम्ही निघायच्या दिवशी," श्रीकांतराव म्हणाले.

"विमानतळावर?"

"विमानतळाच्या थोडं अलीकडे."

नंदा मागे बसून रडत होती. "ताई, तू आमच्याबरोबरच राहायचंस. कुठे जायचं नाही."

"मागच्या खोलीच्या पडद्यांचं माप कुणासाठी घेत होतीस?"

"रियासाठी."

"आणि मी?"

"हॉलमध्ये सोफा-कम-बेड..."

फ्लॅट त्यांचाच, त्यावर माझं भांडण नव्हतं. पण या वयात मला दार लावून झोपायला खोली हवी, आणि आपलं घर सुटणार हे मला पापलेटाच्या आधी कळायला हवं होतं. हे दोन्ही मी त्यांना सांगितलं. "तुम्ही यायच्या आत मी जागा बघते," म्हटलं आणि विषय संपवला. दुपारी मासे तळले. उत्तम झाले होते. गुरुवारी तंबूत कानटोपीही वापरली.

परतीच्या विमानात मी शेवटचं प्रकरण उघडलं. पानं एकमेकांना चिकटलेली, वास असा की शेजारच्या बाईंनी हवा वाढवली. खुनी पोस्टमास्तर नव्हताच. पाववाली होती. श्रीकांतरावांना तेही धड सांगता आलं नव्हतं. गावाला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि इन्स्पेक्टर जायला निघाला तेव्हा तेच गाव त्याला स्टेशनवर मुरवलेलं पनीर घेऊन पोहोचवायला आलं. मला आधी याचा राग यायचा. आता वाटलं, माणसं नेहमी भीतीनेच गप्प बसतात असं नाही. पुष्कळदा समोरच्याचं जेवण आपल्यामुळे बिघडू नये, एवढंच असतं. जेवण बिघडतंच, फक्त उशिरा.

पुण्यात पोचले. माझी किल्ली समोरच्या लिमयेवहिनींकडे. त्यांनी दार उघडलं, पिशवीचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सांगितलं वाटतं त्यांनी," त्या म्हणाल्या.

मी बॅग खाली ठेवली. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्ही निघायच्या आधीपासून. नंदाचा फोन आला होता, ताईला बोलू नका म्हणून. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही आला होता. इस्त्रीवाल्याला मात्र आपोआप कळलं."

म्हणजे आडगाव ते हेच. मी इतकी वर्षं त्याच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होते.

वहिनींनी आत जाऊन आणखी एक किल्ली आणली. "मागच्या विंगमधली तळमजल्याची जागा रिकामी झालीय. दोन खोल्या, पुढे अंगण. मालकाला म्हटलं, कुणाला देऊ नका, आमच्या सुमनताई परत येऊ देत. बघून घ्या."

आम्ही तशाच, बॅग दारात टाकून, बघायला गेलो. नळ गळत होता. वॉशर मला माहीत होता.

"घेते," मी म्हटलं.

"नंदाला फोन करून सांगू का?" वहिनींनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. "त्यांना मासळीबाजारात कळू दे."