अण्णांना एकटं उठू द्यायचं नाही

वैजापूरहून माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, शहरात क्रांती चौकाजवळच्या हॉस्पिटलात आणलं तेव्हा त्यांच्या खुब्याचं हाड मोडलेलं होतं. ऑपरेशन झालं. सिस्टरनी त्यांच्या मनगटात पिवळा पट्टा अडकवला आणि मला बजावलं, "यांना एकटं उठू द्यायचं नाही. आता पडले तर पुन्हा चालणं अवघड." नवरा दिवसभर शेंद्र्याला कंपनीत, त्यामुळं पहारा माझ्याकडं.

कॉटला दोन्ही बाजूंनी कठडे, उशाशी बेल. मी निर्धास्त होते. अण्णाही अगदी गुणी पेशंट, फक्त चहाची तल्लफ फार. दर दोन-तीन तासांनी सुरू, "सूनबाई, जरा चहा बघता का?" मी दोन मजले उतरून कॅन्टीनमधून चहा आणायचे, ते एक घोट घेऊन कप परत द्यायचे. घरी दिवसातून दोनदाच चहा घेणारा हा माणूस! हॉस्पिटलच्या हवेत भल्याभल्यांच्या सवयी बिघडतात, अशी मी मनाची समजूत घातली. पण जिना चढून-उतरून माझेच गुडघे बोलायला लागले, तेव्हा मनातल्या मनात चिडलेही.

तिसऱ्या दिवशी मोबाईल विसरला म्हणून अर्ध्या जिन्यातून परत फिरले. बघते तर कठडा खाली केलेला आणि अण्णा बाथरूमच्या दारात. आधाराला सलाइनचा स्टँड धरलेला, आणि त्याला चाकं. स्टँड पुढं सरकत होता, अण्णा त्याच्यामागं कलत होते. मी धावले आणि दोन्ही हातांनी त्यांना कवेत धरलं. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत त्यांच्यासमोर कधी खुर्चीवरसुद्धा बसले नव्हते मी. सिस्टर आल्या, दोघींनी मिळून त्यांना कॉटवर आणलं.

"अण्णा, बेल का नाही वाजवली?" मी जवळजवळ ओरडलेच.

ते भिंतीकडं बघत म्हणाले, "सुनेला असलं सांगतेत व्हय? अन् त्या सिस्टर बी पोरीसारख्याच."

म्हणजे चहा मला बाहेर घालवायला होता. मला रडू आलं आणि रागही. अदब बाजूला ठेवून मी म्हणाले, "पडलात तर सगळं अंथरुणातच होईल, आणि ते मीच करीन. तेव्हा कुठं लाजणार?"

दुपारचं अर्धं जेवण त्यांनी तसंच परत केलं. मला वाटलं, मी फार बोलून बसले.

चारच्या सुमाराला त्यांनी घसा खाकरला आणि माझ्याकडं न बघता हात पुढं केला. "लघवीला जायाचंय. धरा."

मी धरलं. त्यांनी सगळा भार माझ्यावर टाकला.