मिरवणारे आणि रुसणारे

सांगलीच्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. स्वतःच्याच प्रेमात बुडालेल्या माणसांचे संशोधक ढोबळ दोन प्रकार मानतात. पहिल्याचं उदाहरण मला घरातच आयतं मिळतं. कोरेगावचे माझे थोरले चुलते स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स स्वतःच लावतात, वर त्यातले शुभेच्छुकही स्वतःच गोळा करतात. हा मिरवणारा प्रकार. वर्गात हे सांगितलं की पोरं पोट धरून हसतात.

दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलताना माझी जीभ जड होते. हा माणूस मिरवत नाही, दुखावला जातो. मनातून तोही स्वतःला सगळ्यांच्या वरचा समजतो. ते कुणी ओळखत नाही म्हणून कुढतो, रुसतो. आमच्या घरात याला आजवर हळवा स्वभाव म्हणत आलेत. हे हळवे गृहस्थ म्हणजे माझे वडील.

धाकट्या बहिणीच्या लग्नात, तासगावच्या कार्यालयात, पहिला फेटा चुलत्यांना बांधला. वडील उठले आणि बाहेर गाडीत जाऊन बसले. मग समजूत काढायला रीतसर रांग लागली. व्याही गेले, मामा गेला. सगळ्यांना एकच उत्तर, "माझं काय हाय? मी कोण?" काच मात्र पूर्ण खाली केलेली.

कन्यादानाची वेळ झाली तशी बाशिंग बांधलेली नवरीच गाडीपाशी गेली. "आबा, चला की. तुमच्याबिगर कसं हुईल?" ती रडत होती. वडील तिच्या खांद्यावरून मागं, आणखी कोण कोण येतंय ते बघत होते. मला शिसारी आली. बापाची शिसारी येते, हे मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

आईनं लेकीला हाताला धरून आत आणलं आणि भटजींकडे एक सुपारी मागितली. जोडीदार हयात नसला की त्याच्या जागी कमरेला सुपारी खोचून विधी करतात. भटजी चाचरले. "अहो वहिनी, मालक तर बाहेर बसलेत."

"न्हाईत," आई म्हणाली. सुपारी खोचून तिनं एकटीनं लेक दिली.

मला वाटलं, आता तरी ते शरमतील. कसलं काय. आज घरी कुणीही आलं की खालच्या आवाजात सांगतात, "मी जिता असताना माझ्या जागी सुपारी खोचली हिनं." पाहुण्याचे डोळे पाणावतात. ते नीट पाणावेपर्यंत वडील थांबतात, मग आईला चहा ठेवायला सांगतात.