कामगंध आणि सासूबाईंचं नाक

माझ्या सासूबाईंना वास येत नसे. हापूसची बाग असलेल्या घरात ही केवढी पंचाईत, हे मला सांगलीहून रत्नागिरीला सून म्हणून आल्यावर कळलं. आढीत, म्हणजे पेंढ्यात घालून ठेवलेला आंबा तयार झाला की नाही, हे इथे नाकानेच ठरतं. त्या मात्र आंबा हातात घेऊन मला हाक मारायच्या, "ये गो, हुंग जरा."

फवारणीला गडी मिळाला नाही की तोंडाला फडकंही न बांधता त्या स्वतः पंप पाठीला लावत. इतक्या वर्षांच्या त्या औषधानेच नाक गेलं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी कधी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही.

दोन हजार सालच्या आसपास त्या एका शेतकरी मेळाव्याहून प्लास्टिकचे चार डबे घेऊन आल्या. "कामगंध सापळे," त्यांनी ओटीवर सगळ्यांसमोर जाहीर केलं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई, शब्दाला कशाला लाजेल? लाजले ते सासरे. त्यांनी शेवटपर्यंत त्याला "तो डबा" असंच म्हटलं.

डब्यात गंध लावलेला लाकडाचा तुकडा. फळमाशीचा नर त्या वासाला भुलून आत शिरतो आणि मरतो. नरच उरले नाहीत की माद्यांची अंडी फुकट, मग आंब्यात अळी होत नाही.

"फळ नासवते मादी आणि जीव जातो नराचा?" सासऱ्यांनी विचारलं.

"एकदा तरी उलटं होऊ दे की!"

मग त्या गंभीर झाल्या. "यंदा फळावर औषध मारायचं नाही. माझं नाक गेलं ते पुरे झालं. उद्या तो पंप हिच्या पाठीवर येईल." ही म्हणजे मी.

सासरे हट्टी. "एक जरी फळ किडकं निघालं ना, तर पंप पुन्हा बाहेर काढायचा हो!"

दर दोन दिवसांनी सासूबाई मेलेल्या माशा वर्तमानपत्रावर ओतून मोजत. माशा कमी पडल्या की पेच यायचा: बागेतल्या माशा सरल्या की डब्यातला वास? तेवढ्यापुरतं माझं नाक लागे. वास विरला असला की त्या लगेच तुकडा बदलत. ज्या गोष्टीचा स्वतःला पत्ता लागत नाही, तिच्यावर एवढा भरवसा ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मे संपता संपता, अळीच्या ऐन दिवसांत, शेवटचे आंबे उतरवले. ते पिकल्यावर सासरे सुरी घेऊन ओटीवर बसले आणि टोपलीतला एकेक आंबा चिरत गेले. सासूबाई खांबाला टेकून उभ्या. शेवटच्या आंब्यापर्यंत एक अळी निघाली नाही. सासऱ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी फोड थेट सासूबाईंच्या नाकाशी नेली. "अगो, घमघमाट बघ काय सुटलाय!"

आणि त्यांना आठवलं. हात तसाच राहिला.

सासूबाईंनी फोड घेतली, डोळे मिटून लांब श्वास घेतला. "आला हो," त्या म्हणाल्या.

सासरे उठले आणि पंप माळ्यावर टाकून आले. तेवढ्यात सासूबाईंनी फोड माझ्यापुढे धरली आणि हळूच म्हणाल्या, "आता तू सांग, खरा कसा आहे तो."

मी सांगायला लागले, आणि मला रडूच आलं.