एकच रायफल, एकच गोळी

सदाभाऊ पाष्टे गेल्याचं कळलं तेव्हा मी रियाधच्या आमच्या हॉस्पिटलात एका माणसाच्या पायाचं प्लास्टर कापत होतो. गुहागरहून त्यांच्या मुलीचा मेसेज आला होता, 'काका, बाबा आज सकाळी गेले. झोपेतच.' झोपेतच... मला आधी चक्क राग आला. ज्या माणसाच्या सोबतीनं मी इतकं रक्त पाहिलं, त्यानं असं गुपचूप निघून जावं? प्लास्टर पूर्ण कापलं, पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं आणि बाथरूमचं दार लावून रडलो. याला आता सहा आठवडे झाले. गेल्या आठवड्यापासून एक गोष्ट पोटात घेऊन फिरतोय, ती आज सांगून टाकतो.

आमची पहिली भेटही रक्तानंच झाली. उजव्या भुवईवर अर्धचंद्रासारखी खोल चीर, डोळा चिकटलेला, शर्टाची कॉलर लाल. 'पाइप लागला,' म्हणाले. मी म्हटलं, 'पाइप इतका गोल कापत नाही हो.' मग हसले आणि खरं सांगितलं. रायफल झाडताना दणका बसतो, तेव्हा वरची दुर्बीण मागं येऊन डोळ्यावर आदळली होती. चिपळूणला लेथवर हात बसलेला हा टर्नर रियाधच्या अल सुलै भागातल्या एका वर्कशॉपात नोकरीला आला आणि मालकाच्या शिकारीच्या रायफलींचा कारभारी होऊन बसला. मालकाला, म्हणजे त्यांच्या कफिलाला, सगळे अबू फहद म्हणत. इथं मारायला मोठं जनावर उरलंय कुठं? म्हणून अबू फहद दरवर्षी आफ्रिकेत जायचे, सात रायफली घेऊन, आणि त्या सांभाळायला सदाभाऊंना न्यायचे. मी पाच टाके घातले. तेवढ्या वेळात कुठल्या जनावराला कुठली रायफल, हे सगळं त्यांनी मला ऐकवलं. भूल मी कपाळाला दिली होती, तोंडाला नाही.

मग शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला जाणं सुरू झालं. वर्कशॉपच्या मागं त्यांची खोली होती. ते सुरमई ज्या सुरीनं कापायचे, त्याच सुरीनं कांदा, त्याच सुरीनं सफरचंद. मी नाक मुरडलं की म्हणायचे, 'डॉक्टर, हत्यार एकच असावं. हाताला त्याची सवय होते.' या बोलण्यात किती अर्थ होता ते मला पुढं दोन वर्षांनी समजलं.

आफ्रिकेतल्या एका फेरीत अबू फहदनी रानरेड्यावर गोळी झाडली. काडतुसं सदाभाऊंच्या कमरेच्या पिशवीत, दोन प्रकारची. एक मऊ तोंडाची, म्हणजे अंगात शिरली की फुलते आणि आतच थांबते. दुसरी सॉलिड, अख्खी धातूची, हाड फोडून पलीकडं जाते. रेड्याला सॉलिड हवी. घाईत सदाभाऊंच्या हाताला मऊ लागली आणि त्यांनी तीच दिली. गोळी खांद्याच्या हाडावरच फुटली. रेडा झुडपात गेला, थांबला, आणि माग काढणारा स्थानिक माणूस पुढं जाताच बाजूनं आला. त्यानं शिंग मांडीच्या सांध्यात घातलं आणि वर उचललं. सदाभाऊ सांगायचे, 'तो ओरडला नाय हो डॉक्टर. त्याची आतडी त्याच्या गुडघ्यावर आली नि तो ती दोन्ही हातांनी परत आत भरत होता. माझ्याकडं बघून.' शेवटी रेडा तीन गोळ्यांनी पडला. माणूस त्याच्याआधी गेला होता.

परत आल्यावर त्यांनी अबू फहदच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, भिंतीवरच्या शिंगांखाली, सगळ्यांसमोर सांगितलं की सातांतल्या सहा रायफली विका आणि एक ठेवा, थ्री सेव्हन्टी-फाइव्ह. हरणापासून हत्तीपर्यंत सगळ्याला पुरते, खांदाही मोडत नाही. आणि गोळी एकच, सॉलिड. पाहुणे हसले. एक जण म्हणाला, हरणाला सॉलिड मारली तर ती पलीकडच्या हरणालाही लागेल. सदाभाऊ आपल्या मोडक्या अरबीत अडून बसले, की पिशवीत दोन प्रकार असले तर घाईत हात चुकतो, आणि हात चुकला तर माणूस मरतो. अबू फहद बराच वेळ मिशी ओढत राहिले. त्या माणसाचं मरण त्यांनीही पाहिलं होतं. म्हणाले, 'खलास. सदा म्हणेल तसं.' त्या दिवशी हा टर्नर किती फुगला होता म्हणून सांगू! पुढचे दोन शुक्रवार मला दुसरा विषयच ऐकायला मिळाला नाही.

तीन वर्षं सगळं त्यांच्या म्हणण्याप्रमाणं झालं. जनावरं एकेका गोळीत पडली, कुणाला ओरखडाही आला नाही. मग तो हिवाळा आला. अबू फहदचं शहराबाहेर उंटांचं फार्म होतं, तिथं सदाभाऊ रायफलीचा नेम जुळवायला गेले होते. हिवाळ्यात नर उंट माजावर येतो. तोंडाला फेस, जबड्याबाहेर लोंबणारी गुलाबी पिशवी, घशातली गुरगुर... अशा वेळी कुणी त्याच्या जवळ जात नाही. पण इद्रिस नावाचा सुदानी गुराखी पाण्याचा नळ बंद करायला आत गेला. उंटानं त्याचा दंड जबड्यात धरला, त्याला जमिनीवरून उचललं आणि झटकायला सुरुवात केली. दंडाचं हाड मोडल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला. अबू फहद चहाचा पेला टाकून ओरडले, 'यल्ला, सदा! यल्ला!' रायफल भरलेली सदाभाऊंच्याच हातात होती.

आयुष्यभर रायफली पुसलेल्या या माणसानं जिवंत जनावरावर झाडलेली ही एकुलती एक गोळी. उंट वळून त्याची कूस समोर आली तेव्हा इद्रिस त्याच्या पलीकडं गेला आणि दिसेनासा झाला. सदाभाऊंना वाटलं, तो सुटून खाली पडला. त्यांनी खांद्यावर नेम धरला. गोळी दोन्ही खांदे फोडून पलीकडं गेली आणि तिथं जबड्यातून लोंबत असलेल्या इद्रिसच्या मांडीत शिरली. उंट त्याच्या शेजारी कोसळला आणि बराच वेळ पाय झाडत राहिला.

इद्रिसला माझ्याकडेच आणलं. सदाभाऊंनी दोन्ही मुठी त्याच्या जांघेत दाबून धरल्या होत्या आणि ते कोपरापर्यंत माखले होते. आम्हाला त्यांची बोटं एक एक करून उचकटावी लागली. मांडीच्या हाडाचा चुरा झाला होता, मोठी रक्तवाहिनी फाटलेली. दंड वाचवला. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. गोळी निघाली ती जशीच्या तशी, टोकाला ओरखडासुद्धा नाही. ती पोलिसांनी नेली. अबू फहदनी पोलिसांना सांगितलं की रायफल माझी, परवाना माझा, गोळी मीच झाडली. प्रकरण मिटलं. शुद्धीवर आल्यावर इद्रिसनं सदाभाऊंना जवळ बोलावलं, त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि अल्लाहचे आभार मानले, की तू नसतास तर मी मेलो असतो. ते खरंही होतं.

पंधरा दिवसांनी सदाभाऊ माझ्या केबिनमध्ये आले. बसले नाहीत. उजवा हात पँटच्या खिशात होता. म्हणाले, 'डॉक्टर, एक विचारतो. खरा काय ता सांगा. मऊ गोळी असती, तर ती उंटातच थांबली असती का? पाय वाचला असता?'

मला उत्तर माहीत होतं. इतक्या जखमा पाहिल्यावर माहीत असणारच. पण समोरच्या माणसाचं वजन पंधरा दिवसांत सहा-सात किलो उतरलं होतं, दाढी वाढलेली, नखांत अजून काळं. मी म्हटलं, 'नाही. एवढ्या जवळून काहीही आरपार गेलं असतं. उगाच डोक्यात घेऊ नका.' ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, 'बरा. तुम्ही म्हणताय तर झोप येईल.' हात खिशातच ठेवून गेले. मला फार बरं वाटलं, एक माणूस वाचवला असं. मूर्ख मी!

त्यानंतर त्यांनी रायफलीला हात लावला नाही. अबू फहदही आफ्रिकेला गेले नाहीत. इद्रिसला नकली पाय बसला, आणि सदाभाऊंच्या हट्टापायी वर्कशॉपच्या फाटकावर नोकरी मिळाली. शुक्रवारी आता तिघं जेवायला. सुरमई त्याच सुरीनं कापली जायची. मधूनच सदाभाऊ म्हणायचे, 'डॉक्टरांनी सांगितला म्हणून झोप लागते हो,' आणि इद्रिस ताटात बघायचा. दोन वर्षांपूर्वी हृदय कमजोर झालं म्हणून इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रद्द करून ते कायमचे गावी गेले. विमानतळावर मी मिठी मारली, तेव्हा पाठीची हाडं हाताला लागली.

गेल्या आठवड्यात मी अल सुलैला गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. खोलीत आता दुसरा कामगार राहतो, पण सदाभाऊंचं लोखंडी स्टूल इद्रिसनं फाटकावरच्या आपल्या केबिनमध्ये आणून ठेवलंय. शेजारी स्क्रूंचा पत्र्याचा डबा. मी बसलो. इद्रिसनं डब्यात बोटं घातली आणि माझ्या तळहातावर एक वस्तू ठेवली. अळंबीसारखी फुललेली, शिसं बाहेर आलेली गोळी. मऊ गोळी.

'सदा ने फार्म पे फायर किया,' आमच्या सगळ्यांच्या त्या खिचडी हिंदीत तो म्हणाला. 'मैं आयसीयू में था तब.' त्या मेलेल्या उंटाचाच खांदा घेतला, मागं ओल्या गोण्या बांधल्या आणि जुन्या साठ्यात उरलेली एक मऊ गोळी झाडली. गोळी खांद्यातच राहिली. ती खिशात घेऊन सदाभाऊ माझ्याकडं आले होते. 'तुम बोला, नहीं. तो उसने निकाला ही नहीं.'

'तुला कधी सांगितलं?'

'उसी दिन. बेड के पास बैठ के रोया. बोला, डॉक्टर अच्छा आदमी है, उसको मत बोलना.'

म्हणजे उत्तर घेऊनच ते आले होते. पोलिसांनी सोडलं, मालकानं सोडलं, पाय गेलेल्यानं कपाळाचं चुंबन घेतलं. निदान एका माणसानं तरी 'हो, तुमची चूक झाली' असं तोंडावर म्हणावं, म्हणून ते माझ्याकडं आले. आणि मीही त्यांना सोडून दिलं. वर मला वाईट वाटू नये म्हणून इतकी वर्षं झोप लागते, झोप लागते म्हणत राहिले. किती रात्री ते जागे होते, हे आता कुणाला विचारू?

बाहेर ट्रक मागं घेत होते. गोळी हातात गरम झाली होती. मी रिकाम्या स्टुलाकडं बघत म्हटलं, 'हो. वाचला असता.' मराठीत म्हटलं, पण इद्रिसला कळलं. त्यानं आपल्या नकली गुडघ्यावरून हात फिरवला.

'मालूम है, डॉक्टर,' तो म्हणाला. 'उस वक्त बोलना था.'